बिग-बोअर किट बसवताना पिनचं लॉक इंजिनात पडू देऊ नका

होंडा टीआरएक्स ४०० ईएक्ससारख्या एटीव्हीला (कच्च्या रस्त्यावरच्या चारचाकी बाइकला) घरी बिग-बोअर किट (मूळ ८५ मिमीच्या जागी ८९ मिमी पिस्टन) बसवताना पिस्टन पिनचं बारीक लॉक (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन जागेवर धरणारी तारेची कडी) उडून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, पडू शकतं. ते हाती लागलं नाही, तर अख्खं इंजिन उघडावं लागतं.

१. सिलिंडर उचलताच टायमिंग चेन तारेने फ्रेमला बांधा. ती खाली घसरली की वेगळाच व्याप.

२. कनेक्टिंग रॉडभोवती (पिस्टन ज्यावर बसतो त्या दांड्याभोवती) क्रँककेसचं तोंड एका मोठ्या, धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याने गच्च बुजवा. टायमिंग चेन जिथून खाली जाते ती खाचसुद्धा! लॉक बहुतेकदा तिथूनच आत जातं. फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. चिंध्यांचे तुकडे नकोत, एखादा आत राहतोच.

३. नव्या पिस्टनचं एका बाजूचं लॉक टेबलावरच बसवा. मग इंजिनावर एकच बसवायचं उरतं. लॉकचं उघडं तोंड सरळ वर किंवा खाली ठेवा आणि ते पिस्टनमधल्या खाचेत पूर्ण बसलंय का, हे बघा.

जुनं लॉक कितीही चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरू नका. काढताना त्याचा ताण जातो आणि चालू इंजिनात ते सुटलं, तर नवा सिलिंडर ओरबाडून निघतो.