घरी ट्रेनर बोलवायचा की जिम लावायची? सोलापुरात ठरवताना

सकाळी मी जुळे सोलापूर आणि विजापूर रोड भागातल्या घरी जाऊन व्यायाम घेते आणि संध्याकाळी एका जिममध्ये पर्सनल ट्रेनिंग करते. त्यामुळे "मॅडम, तुम्ही घरी येता का, का आम्हीच जिमला येऊ ओ?" हा प्रश्न मला सारखा येतो. मी लगेच फी सांगत नाही. आधी विचारते, सहा महिन्यांनी काय जमायला पाहिजे?

एखाद्या काकू म्हणतात, कठडा न धरता जिना चढायचाय. कुणाला पंगतीत मांडी घालून बसायचंय आणि हाताचा टेका न घेता उठायचंय. कॉलेजातल्या पोराला दंड आणि खांदे भरायचे असतात. या उत्तरातच निम्मा निर्णय होतो, कारण ताकद वाढते ती स्नायूवर पडणारा भार हळूहळू वाढवत नेल्यावर. तुम्हाला लागणारा भार घरात कुठवर मिळेल, हे आधी बघायचं.

साठीतल्या, कधीच व्यायाम न केलेल्या माणसाला स्वतःचं वजनच पुष्कळ होतं. पक्क्या लाकडी खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसताना सावकाश खाली यायचं. ते सोपं झालं की खुर्चीऐवजी बुटका स्टूल, मग हातात दोन-दोन किलोचे डंबेल्स. भिंतीवर हात टेकून पुशअप, पायरीवर चढउतार, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. यात कित्येक महिने प्रगती होत राहते आणि एकही मशीन लागत नाही. अशा माणसाने घरीच ट्रेनर बोलवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या वापरातला जिना आणि रोजची खुर्ची ट्रेनरला डोळ्यासमोर दिसते, हा मोठा फायदा.

तरण्या पोराचं वेगळं. हाताच्या व्यायामाला घरचे डंबेल्स बरेच दिवस पुरतात, पण मांड्या आणि कंबर फार लवकर पुढे जातात. दहा-दहा किलोचे डंबेल्स घेऊन मारलेले स्क्वॉट्स थोड्याच दिवसांत हलके वाटायला लागतात. एका पायावर करणं, खाली जाऊन थांबणं, असं करून थोडं पुढे ढकलता येतं. पाठीचं घरी सगळ्यात अवघड, कारण तिला ओढण्याचा व्यायाम लागतो. दाराला अडकवलेल्या रबर बँडने सुरुवात होते, पण लॅट पुलडाऊन (वरचा दांडा खाली ओढायचं मशीन) किंवा लटकायला मजबूत बार नसेल तर गाडी अडते. अंग भरायचं असेल तर जिमच लावा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि बायकांसाठी मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. घरी ट्रेनर आला की सोय होईल, असं सगळ्यांना वाटतं. पण आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या सकाळी येतं त्या सकाळी घरातल्या बाईचा व्यायाम तिथंच थांबतो. बेल वाजते, डबा भरायचा असतो, सासूबाई हाक मारतात. जिममध्ये तिला कुणी हाक मारत नाही. ज्यांच्या घरात तो एक तास मोकळा मिळणारच नाही, त्यांनी ताकदीचा विचार बाजूला ठेवून जिम धरावी. लाज वाटत असेल तर फक्त बायकांची वेळ असलेली जिम शोधावी. तान्हं बाळ असेल किंवा घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मात्र घरीच बरं. पुरुष ट्रेनर घरी येणार असेल तर ओळखपत्र बघा, तो ज्यांच्याकडे जातो अशा एक-दोन घरी चौकशी करा आणि त्या वेळी घरात आणखी कुणी असू द्या.

मग उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत संध्याकाळचा व्यायाम नकोच, सकाळी सातच्या आत उरका किंवा तळमजल्यावरची खोली घ्या. जिम बघायला जाल ते तुम्ही रोज जाणार त्याच वेळी जा. गर्दी किती आहे, एसी किंवा पंखे चालू आहेत का, एका मशीनसाठी किती थांबावं लागतं, हे तेव्हाच कळतं. गाडीवरून पंधरा मिनिटांपेक्षा लांबची जिम मे महिन्यात सुटते, हे मी दरवर्षी बघते. घरी येणाऱ्या ट्रेनरलाही तो कुठून येतो ते विचारा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक असते तेव्हा गावभागातून गाडी निघत नाही. त्या दिवसांचं काय, हे आधीच बोलून घ्या.

घरी जागा फार लागत नाही. चटईवर आडवं पडून हात दोन्ही बाजूंना पसरता आले आणि उभं राहून डंबेल वर नेताना पंख्याला लागला नाही, की झालं. गुळगुळीत फरशीवर घाम सांडला की पाय घसरतो, म्हणून न सरकणारी मॅट घ्या.

पैशांचं बोलायचं तर घरच्या ट्रेनरच्या फीत त्याचा येण्याजाण्याचा वेळही धरलेला असतो. जाऊबाई किंवा शेजारीण सोबत आली तर ती फी वाटून घेता येते. जिममध्ये सभासद फी वेगळी आणि पर्सनल ट्रेनिंगची वेगळी, हे आधी स्पष्ट करून घ्या. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी महिनाभर बघा. आणि आठवड्याचे सहा दिवस ट्रेनर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि २ दिवस स्नायूंचा व्यायाम पाहिजे. ते दोन दिवस ट्रेनरचे ठेवा. भरभर चालणं सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला किंवा स्मृतिवनात होतं.

जागा कुठलीही निवडा, पहिल्या दिवशी ट्रेनर काय विचारतो ते ऐका. बीपी, शुगर, जुनी दुखापत, चालू गोळ्या यातलं काहीच न विचारता जो थेट उठाबशा काढायला लावतो, त्याला नको म्हणा. त्याला सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार, येतो का, हेही विचारा. हृदयाचा त्रास किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी आणि जवळ ग्लुकोज ठेवावं; ७० च्या खाली गेलेली साखर म्हणजे व्यायाम बंद, आधी गोड काहीतरी पोटात. नव्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस अंग दुखणं ठीक आहे, पण सांध्यात टोचल्यासारखी कळ आली तर त्याच क्षणी थांबा.

आणि एक वही ठेवा, ट्रेनरची नव्हे, तुमची स्वतःची. तारीख, व्यायाम, किती किलो, किती वेळा, एवढंच लिहायचं. नियमित करूनही दीड महिन्याने आकडे तिथेच असतील तर ट्रेनरला कारण विचारा. घरात वजन कमी पडतंय असं त्याने सांगितलं तर जिम बघा, आणि जिमला खाडेच जास्त दिसत असतील तर त्याच पैशांत घरी कुणी येतं का ते विचारा.