कोळंबी मरायला लागली? औषधाआधी मोजमाप करा आणि या चुका टाळा

पहाटे कोळंबी काठाशी येऊन पाण्यावर तरंगताना दिसली की बहुतेक तळ्यांवरून पहिला फोन औषधवाल्याला जातो. तो फोन थोडा उशिरा केला तरी चालेल. आधी सगळे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) सुरू करा, सकाळचं खाद्य थांबवा आणि पाण्यातला प्राणवायू मोजा. दिवसा पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. त्यामुळे उजाडण्याच्या आधी तो सर्वांत कमी असतो. लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की कोळंबीचं खाणं मंदावतं. दुपारी मीटर बुडवून ‘प्राणवायू चांगला’ अशी नोंद करणाऱ्याला रात्रीची अडचण कधी कळतच नाही.

अमोनियाच्या बाबतीत वेळ नेमकी उलटी. शेवाळामुळे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) दुपारी चढतो, आणि पीएच ८ वरून ९ वर गेला की अमोनियाचा विषारी वाटा कित्येक पटींनी वाढतो. म्हणून अमोनिया आणि पीएच दुपारीही तपासा. इथे एक चूक फार महागात पडते: पाणी बिघडलं म्हणून चुना टाकणं. अमोनिया आधीच जास्त असताना कळीचा चुना पडला तर पीएच आणखी चढतो आणि सकाळपर्यंत तग धरलेली कोळंबी संध्याकाळी मरते. अशा वेळी खाद्य कमी करा, तळाचा गाळ काढा, हवा वाढवा आणि थोडं थोडं पाणी काढून चांगलं पाणी भरा.

मुळात अमोनिया येतो तो बहुतेक खाद्यातूनच. खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग खाद्यावर जातो, तरी चेक ट्रे (खाद्य किती उरलं ते बघायला तळ्यात सोडलेली ताटली) न बघता तक्त्याप्रमाणे पोती रिकामी होत राहतात. ट्रेमध्ये खाद्य उरलं असेल तर पुढची मात्रा कमी करा. ढगाळ दिवशी आणि कात टाकण्याच्या काळातही हात आखडता घ्या.

कांदळवन तोडून तळं खणणं

कोकणात मला सर्वांत जास्त दुःख देणारी चूक हीच. कांदळवनाखालच्या चिखलात लोहाचं सल्फाइड असतं. चिखल पाण्याखाली असेपर्यंत ते स्वस्थ पडून राहतं. तोच चिखल उपसून बांधावर टाकला आणि त्याला हवा लागली की त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ते आम्ल बांधावरून धुऊन तळ्यात उतरतं, पीएच कोसळतो, शेवाळ मरतं आणि त्याच्यामागोमाग प्राणवायूही जातो. मालक म्हणतो, ‘पाऊस बाधला.’ खरं कारण बांधाच्या मातीत असतं. माती वाळवून तिचा पीएच आधीच तपासा. आम्ल निघाली तर बांधाच्या उताराला चुना द्या, गवत लावा. कांदळवनाला तर हातच लावू नका. राज्यात ही तोड बेकायदेशीर आहेच, शिवाय बोय, जिताडा, काळुंदर, खेकडा आणि रानटी कोळंबीची पिल्लं तिथेच वाढतात. खाडीत मासेमारी करणाऱ्या शेजाऱ्याचं पोट त्यावर आहे.

‘एसपीएफ’चा चुकीचा अर्थ

व्हेनामी ही परदेशी जातीची कोळंबी भारतात २००९ पासून रीतसर आली, ती एसपीएफ प्रजनकांच्या अटीवर. एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त. तिला रोग होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, पीसीआर (रोगजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी करूनच घ्या. कोळंबी मरत नाही पण वाढही होत नाही, एकाच तळ्यात लहान-मोठी दिसते, असं असेल तर ईएचपी या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्या. तो कोळंबीच्या यकृतासारख्या अवयवात राहतो. त्याच्यावर खात्रीचं औषध नाही आणि त्याचे बीजाणू गाळात टिकून राहतात. दोन पिकांच्या मधे तळं नीट न वाळवता लगेच पाणी भरणं म्हणजे रोग पुढच्या पिकाच्या हवाली करणं. गाळ काढून, हेक्टरी ६ टन कळीचा चुना नांगरून मिसळायचा, माती ओलवायची आणि पीएच १२ पर्यंत नेऊन आठवडाभर वाळवायची, अशी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. व्हेनामीसाठी चौरस मीटरला ६० बीजांची सरकारी कमाल मर्यादा आहे. एरेटर कमी असतील तर त्याच्याही बरंच खाली राहा.

आजारी तळ्याची उघाडी (पाणी सोडायचं दार) खोलणं

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून भारतातली तळी ओस पाडली. अंगावर ठिपके दिसले की घाबरून ओहोटीला पाणी सोडून देण्याचा मोह होतो. कृपया सोडू नका. पुढच्या भरतीला तेच पाणी शेजारच्या पंपात जातं आणि खाडीतल्या खेकड्यांमध्ये विषाणू घर करतो. उघाडी बंद ठेवा, ब्लीचिंग पावडरने पाणी निर्जंतुक करा, काही दिवस अडवून ठेवा, मेलेली कोळंबी चुन्यासह खोल पुरा आणि शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. खेकडे एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून बांधाभोवती जाळीचं कुंपण घाला.

प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर बंदी असलेली आहेत, त्यांचा अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो.

प्रयोगशाळेत नमुना पाठवताना मेलेली, उन्हात पडलेली कोळंबी पिशवीत भरू नका. तिच्यातून काहीच कळत नाही. जिवंत पण सुस्त झालेल्या चार-पाच कोळंब्या घ्या. पीसीआरसाठी त्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नको. सोबत गेल्या सात दिवसांचे पीएच, क्षारता आणि पहाटेच्या प्राणवायूचे आकडे लिहून द्या.