‘किट लावलं अन् ॲव्हरेज डबल झालं’: या चुका टाळा

लिटरला १८ देणारी गाडी ॲव्हरेज वाढवायचं म्हणून विकलेलं किट लावल्यावर ३५ द्यायला लागली, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस नागपुरात शोधावा लागत नाही. पानठेल्यावर भेटतो, लग्नाच्या पंगतीत भेटतो. मग त्याचं ऐकून कोणीतरी माझ्याकडे येतो, "भाऊ, आपल्याही गाडीत बसवून द्या ना." मी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सरची कामं करतो. असली किट मी बसवत नाही, बसवलेली काढून देतो. लोकांचे पैसे जातात, चांगलं चालणारं इंजिन बिघडतं, आणि चुका दर वेळी त्याच असतात. त्यामुळे एकदा नीट लिहून ठेवतो.

आकडा शक्य आहे का, हे न पाहताच किंमत विचारणं

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. कुठलंही किट ती वाढवू शकत नाही. आता वर्धा रोडला सपाट रस्त्यावर ८० च्या स्पीडने चाललेली साधी हॅचबॅक घ्या. हवा कापायला तिला साधारण २०० न्यूटन जोर लागतो आणि टायर फिरते ठेवायला सव्वाशेच्या आसपास. म्हणजे दर किलोमीटरला चाकापाशी सव्वातीनशे किलोज्यूल पोचले पाहिजेत. भागाकार करा, लिटरला जेमतेम शंभर किलोमीटर येतात. आणि हे शंभर तरी कधी? पेट्रोलमधली सगळीच्या सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोचली, रेडिएटर गार राहिला आणि सायलेन्सरला उघडा हात लावता आला तर.

नेहमीच्या पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता फार झाली तर ३५ ते ४० टक्के, तीही ठराविक आरपीएम आणि ठराविक लोडला. सीताबर्डीच्या गर्दीत ती त्याच्याही बरीच खाली येते. म्हणून ८० च्या स्पीडला अशी गाडी पंचवीस ते तीस देते. त्याच गाडीचं त्याच स्पीडला कोणी ६० सांगितलं, तर त्याच्या इंजिनाची कार्यक्षमता ६० टक्के झाली, असा त्याचा अर्थ होतो. बाजारातल्या कुठल्याही कारचं पेट्रोल इंजिन तिथवर पोचलेलं नाही.

"मग परदेशात शंभरच्या वर देणाऱ्या गाड्या निघाल्या त्या?" हो, निघाल्या. फोक्सवॅगनची २०१३ ची एक्सएल-१ कागदावर लिटरला १११ किलोमीटर द्यायची. तिचं वजन ७९५ किलो, सीट दोन, बॉडी कार्बन फायबरची, सोबत चार्ज करायची बॅटरी आणि छोटं डिझेल इंजिन. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पॅक-कार-२ ही २००५ मध्ये पेट्रोलच्या हिशेबात लिटरला ५,३८५ किलोमीटर चालली. ती हायड्रोजनवर चालणारी, एका माणसाला आडवं होऊन बसावं लागेल अशी, तीसेक किलोची गाडी होती. त्या लोकांनी वजन उतरवलं, आकार बदलला, वेग कमी ठेवला. तुमच्या गाडीचं वजन आणि आकार तेच ठेवून पेट्रोलच्या नळीत काहीतरी अडकवणाऱ्याने त्यांचं नाव घेऊ नये.

‘न जळलेलं पेट्रोल’ या बोलण्यावर विश्वास

विकणाऱ्याचं हे हुकमी वाक्य: "तुमचं अर्धं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं." इंजेक्शनच्या धडधाकट इंजिनात शंभरातलं अठ्ठ्याण्णवच्या आसपास पेट्रोल सिलिंडरमध्येच जळतं. अर्धं खरंच कच्चं बाहेर पडत असतं, तर कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) लालबुंद होऊन आतून वितळला असता. जे वाया जातं ते उष्णतेच्या रूपात रेडिएटर आणि एक्झॉस्टमधून जातं, आणि ते नळीला लावायच्या लोहचुंबकाने किंवा टाकीत टाकायच्या गोळीने परत मिळत नाही.

स्क्रीनवरच्या आकड्याला पुरावा समजणं

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते, कारण शिकलेली माणसंही करतात. काटोल रोडकडचे एक काका कामासाठी अमरावतीला नेहमी जाऊन-येऊन करायचे. डिझेल सेडान, चांगली ठेवलेली. एका दुकानातून त्यांनी ‘परफॉर्मन्स प्लस मायलेज’ असा डबा बसवून घेतला आणि गाडी घेऊन मुद्दाम मला दाखवायला आले. डॅशबोर्डवर २२.८ होतं. "पाहा ना भाऊ, आधी साडेअठरा होते. कंपनीची स्क्रीनच सांगून राहिली, मी थोडी म्हणतो." आनंद खरा होता. पण गाडी सुरू केल्यावर मागे काळा धूर होता आणि चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढायचा, गाडी त्या मानाने पळायची नाही. क्लच सरकत होता.

काकांना मी एकच काम दिलं: सकाळी, त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिला ऑटो कट झाला की थांबायचं, लिटर आणि मीटर लिहायचं. बरेच दिवस त्यांनी ते इमानदारीने केलं. टाकी टू टाकी हिशेब १७ च्या आसपास निघाला. डबा लावायच्या आधीच्या पंपाच्या पावत्या त्यांच्या फाइलला होत्या; त्यांचा हिशेब साडेसतरा. म्हणजे स्क्रीन चारने वर गेली आणि गाडी अर्ध्याने खाली आली.

हे कसं होतं ते समजून घ्या. स्क्रीन टाकीत डोकावत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच हिशेब करतो: रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर एवढं, इंजेक्टर एवढा वेळ उघडला, म्हणजे डिझेल एवढं गेलं. तो डबा प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि ईसीयूला खरं प्रेशर आहे त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं प्रेशर पडलं, तो वाढवतो. आता प्रत्येक वेळी जास्त डिझेल जातं, पिकअप वाढतो, धूर वाढतो, क्लचवर ताण येतो. हिशेब मात्र कमी प्रेशरचा धरला जातो. डिझेल जास्त जाळायचं आणि स्क्रीनवर कमी दाखवायचं, या दोन्ही गोष्टी एकाच वायरने होतात. डबा निघाला दहा मिनिटांत. क्लच प्लेटचा खर्च काकांनी वेगळा भरला, आणि ज्या दुकानाने डबा विकला त्याने फोन उचलणं बंद केलं.

माझी स्वतःची सवय सांगतो. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये साधी वही. टाकी पाव उरेपर्यंत चालवायची, मगच फुल करायची. पाच लिटर टाकून मोजाल तर नोझल अर्धा लिटर आधी कट झाला की दहा टक्क्यांची चूक. तीस-पस्तीस लिटरला तीच चूक दीड टक्क्यावर येते. ऑटो कटनंतर ‘अजून थोडं राउंड फिगर कर’ म्हणून ठासून भरू नका, जास्तीचं पेट्रोल टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो. एका टाकीवरून निकाल लावू नका. मला माहीत आहे, लोकांना दुसऱ्याच दिवशी उत्तर पाहिजे असतं. दुसऱ्या दिवशी मिळणारं उत्तर चुकीचंच असतं.

पाण्यावर गाडी, म्हणजे एचएचओ किट

स्टीलची बाटली, त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कॉस्टिक पोटॅश, बॅटरीवरून दोन वायर, आणि पाण्यातून तयार होणारा हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस (एचएचओ) नळीने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा जाते तिथे. बाटलीत बुडबुडे दिसतात, त्यामुळे गिऱ्हाइकाची खात्री पटते. गॅस खराच तयार होतो, तो जळतोही. प्रश्न आहे तो कुठल्या पैशाने तयार झाला याचा.

किट २० अँपिअर खेचत असेल, तर साडेतेरा-चौदा व्होल्टला २७५ वॅट झाले. गाडीत वीज तयार करणारा अल्टरनेटर स्वतः बराच वाया घालवतो, म्हणजे तेवढ्यासाठी क्रँकवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) ५०० वॅटच्या आसपास घेतले. बाटलीतून गॅसच्या रूपात त्यातले १६५ निघतात असं उदारपणे धरा. ते इंजिनात पाव कार्यक्षमतेने जळले की क्रँकला परत मिळाले चाळीस. पाचशे द्यायचे, चाळीस घ्यायचे. अमेरिकेत स्टॅन्ले मेयर नावाच्या माणसाने पाण्यावर गाडी चालवायचा दावा करून गुंतवणूकदारांचे पैसे घेतले होते. १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टाने तो धडधडीत फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी आपल्याकडे तमिळनाडूत रामर पिल्लई जडीबुटीने पाण्याचं पेट्रोल करून दाखवत होता, आणि मोठमोठी माणसं ते पाहायला जात होती. त्या प्रकरणात कोर्टाने २०१६ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

मानकापूरकडचा एक पोरगा, नोकरी नवीन, गाडी वडिलांची जुनी हॅचबॅक. त्याने १८ हजार मोजून हे किट लावलं. मे महिना होता, बाहेर पंचेचाळीस, बॉनेटखाली किती असेल ते तुम्हीच समजा. बाटलीतलं पाणी तापून फेस झाला आणि नळीतून सरळ इनटेकमध्ये गेला. गाडी माझ्याकडे टो होऊन आली ती ॲक्सिलरेटर अडकतो या तक्रारीने. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, उघडली तर आत पांढरी भुकटी चिकटलेली, बोटाने खरवडली तर खाली ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले, आणि तिची झडप, बटरफ्लाय, अर्ध्यात अडकत होती. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हे किट विकणाऱ्याला माहीत असायला पाहिजे. धावत्या गाडीत थ्रॉटल उघडा अडकला तर काय होतं, हा विचार मनात आला की मला अजून राग येतो. पोराला मी एवढंच म्हटलं, "वडिलांना सांग, लपवू नको." थ्रॉटल बॉडी बदलली, बाटली भंगारात दिली.

बाकीच्या, थोडक्यात

पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक: पेट्रोलवर त्याचा काही परिणाम होत नाही, काढून फ्रिजला लावा.

ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) लावायचा चमकणारा ‘फ्युएल सेव्हर’: मी उघडून पाहिलेल्यांत एलईडी चमकवायच्या सर्किटपलीकडे काही नव्हतं, ईसीयूशी बोलायच्या पिनांना जोडणीच नव्हती.

एक लिटरच्या बाटलीवर गाडी चालवून दाखवणं: लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये आधीचं पेट्रोल असतं. असा डेमो पाहायला थांबूसुद्धा नका.

आधीचा आकडा मे महिन्यातला फुल एसीचा, नंतरचा डिसेंबरचा काच उघडी ठेवून: नागपुरात तर हा फरक किटशिवायच पडतो.

किट लावताना त्याच दिवशी प्लग बदलले, हवा भरली, ब्रेक मोकळे केले: मग श्रेय किटला का? एका वेळी एकच बदल करा.

छोट्या व्यासाचे टायर: चाक जास्त वेळा फिरतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो, ॲव्हरेज कागदावर वाढतं.

समृद्धीवर जाताना ‘घर्षण कमी होईल’ म्हणून ठासून हवा: दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच, सकाळी टायर थंड असताना.

उड्डाणपुलावरून उतरताना न्यूट्रल: इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलला आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं, वर इंजिन ब्रेकिंग जातं.

सीएनजीच्या किलोची पेट्रोलच्या लिटरशी तुलना: एका किलोत जवळपास दीडपट ऊर्जा असते. रुपयाला किती किलोमीटर, हे काढा.

आणि मंजुरीशिवाय गाडीत बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विकणाऱ्याला हे विचारा, तो विषय बदलतो.

ॲव्हरेज खरंच घसरलं असेल तर

आधी पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल वजा करा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकींना ई-२० मुळे (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे) सहा-सात टक्के फटका बसेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. तेवढी घट असेल तर गाडीत शोधाशोध करू नका.

त्याहून जास्त असेल तर माझा क्रम ठरलेला. टायरची हवा. मग गाडी चालवून आणून चारही चाकांच्या रिमजवळ हात. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक धरतोय. मग स्कॅनर लावून इंजिनाचं तापमान. इथे नागपूरचा एक खास रोग सापडतो. उन्हाळ्यात गाडी तापली की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाकतात, "आता नाही तापत भाऊ" म्हणून. गाडी तापत नाही हे खरं. पण थंडीत सकाळी ती ८०-९० अंशांपर्यंत पोचतच नाही, ईसीयूला इंजिन अजून गारच वाटतं आणि तो जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. ऑइल घट्ट राहतं, तेवढी झीज वाढते. मालक मात्र ॲव्हरेजसाठी किट शोधत फिरतो. तुमच्या गाडीचा थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे मिस्त्रीला विचारा. नसेल तर कंपनीचाच नवीन बसवा आणि गाडी मुळात का तापत होती ते शोधा: फॅन, रेडिएटरची जाळी, कूलंटऐवजी भरलेलं बोअरचं पाणी.