आडवाटेला एकट्यानं गाडी काढताय? या चुका टाळा

ठरवल्याशिवाय मोटरसायकल काढायला माझी ना नाही. रविवारी सकाळी चहा झाला, किल्ली उचलली, निघालो. सोलापूरच्या चारी अंगांना फिरायला जागा आहेत. पण परतीचा पाऊस सुरू झाला की त्याच चुका आणि तेच फोन येतात, त्याचा आता कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाईलवरच्या रेषेला रस्ता समजणं. दक्षिण सोलापुरात बरीचशी जमीन काळी आहे. मे महिन्यात ज्या पाणंदीवरून गाडी धुरळा उडवत जाते, तीच पाणंद सप्टेंबरात चाक धरून ठेवते. आमच्या गल्लीतला एक पोरगा हत्तरसंग कुडलला निघाला. भीमा-सीनेचा संगम, शके 940 चा मराठी शिलालेख, जावंच असं ठिकाण. विजापूर रस्त्यानं मंद्रूपपर्यंत नीट गेला. पुढं मोबाईलनं जवळचा फाटा दाखवला आणि साहेब वळले. आदल्या रात्री पाऊस झालेला. वर वाळलेली पापडी, खाली लोणी. माती टायरला धरत गेली, मडगार्डात ठासली आणि पुढचं चाकच फिरेना. यानं काय करावं? पहिला गिअर टाकून रेस पिळली, क्लचचा वास येईपर्यंत. मग मला फोन, "काका, गाडी पुढं जाईना आन मागं बी येईना." मी पोचलो तोवर एका शेतकऱ्यानं बैल लावून गाडी बांधाला आणली होती आणि याला भाकरी-शेंगाचटणीही खाऊ घातली होती. मडगार्ड खोलून बाभळीच्या काटकीनं माती उकरत बसलो. वाचवायचे होते जेमतेम चार-पाच किलोमीटर!

माझी सवय सांगतो. डांबर संपलं की गाडी स्टँडवर लावायची आणि थोडं पायी चालून बघायचं. बूट जड झाला की वळायचं, चर्चा नाही. मुरूम टाकलेला असेल तर जातो. अडकलातच तर रेस देऊ नका. इंजिन बंद करा, मडगार्ड साफ करा, गाडी ढकलत आल्या चाकोरीनं मागं या. चाक परत भरेल, परत साफ करा. घाई असणाऱ्यानं हायवेनं जावं.

दुसरी चूक, वाट विचारताना "गाडी जाते का?" असं विचारणं. जाते म्हणणाऱ्याच्या डोळ्यापुढं ट्रॅक्टर असतो. मी विचारतो, "आज सकाळपासनं मोटरसायकल गेली का?" उत्तर द्यायला माणूस जरा थांबला, तरी मला कळतं. अंतर तर विचारूच नका, "हे काय, हितंच" याला काही माप नाही. अक्कलकोटकडं, सीमेच्या बाजूला समोरचा कानडीत बोलला तर पुढच्या गावाचं नाव घ्या आणि हात दाखवा, तेवढं पुरतं.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. आपल्याकडं पाऊस नसला तरी उजनी धरणातून सोडलेलं पाणी भीमेला येतं.

ट्यूबचा टायर असेल तर हवा गेल्यावर गाडी दामटू नका, ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते आणि मग पंक्चरवालाही हात टेकतो. वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून टाकलेल्या कडेनं तर चाक नेऊच नका. ट्यूबलेसमधला काटा मात्र जागेवर उपटू नका, तसंच हळू दुकानापर्यंत जा.

पेट्रोल सोलापुरातच भरा. किराणा दुकानातल्या बाटलीत काय काय मिसळलंय, ते कार्बोरेटर खोलल्यावर कळतं.

एप्रिल-मेमध्ये दुपारी फिरू नका. पारा चाळिशी ओलांडतो आणि सावलीला झाड सापडत नाही.

आणि उसाचा हंगाम असेल तर दिवस मावळायच्या आत डांबरी रस्ता गाठा. ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. रस्त्यावर पडलेल्या पाचटावर ब्रेक मारला की चाक सरकतं, म्हणून ते दिसलं की आधीच ॲक्सिलेटर सोडा.