प्रोसेसर तापतोय? मोठा कूलर घेण्याआधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की विदर्भात दुरुस्तीला येणाऱ्या डेस्कटॉपची तक्रार ठरलेली असते. "पीसी स्लो झालाय, मध्येच अडकतो." मालकाने तोवर विंडोज फॉरमॅट मारून बघितलेलं असतं, रॅम वाढवलेली असते, आणि प्रोसेसरचं तापमान मात्र एकदाही पाहिलेलं नसतं. आजकालचा प्रोसेसर सहसा जळत नाही. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच कमी करतात. म्हणून दिसतो तो फक्त मंदपणा, आणि खर्च भलत्याच ठिकाणी होतो.

आधी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका, एखादं जड काम लावून प्रोसेसरवर पूर्ण ताण द्या आणि तापमानाचा आकडा कसा चढतो ते पाहा. काही सेकंदांतच 100 गाठत असेल तर कूलर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही, किंवा त्याचा पंखाच बंद आहे. दहा-पंधरा मिनिटं घेत हळूहळू चढत असेल तर हवा खेळत नाही किंवा धूळ साचलेली आहे. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं निदान होतं. तरीही लोक ते सोडून थेट नवा कूलर मागवतात, याचं मला वाईट वाटतं.

कूलरची एक पिन अर्धवट बसणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. इंटेलसोबत येणारा कूलर 2004 सालच्या 775 सॉकेटपासून (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) आजवर सहसा चार प्लास्टिकच्या पिनांवरच बसतो. दिसायला सोपं काम, म्हणून घाईत केलं जातं.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका मित्राचा पीसी ऐन लग्नसराईत रखडायला लागला. इंटेलचा आय5-12400 प्रोसेसर, त्यावर कंपनीचाच कूलर. चाळीस मिनिटांत होणारं एक्स्पोर्ट दोन-दोन तास चालायचं. ज्या दुकानातून पीसी जोडून घेतला होता त्यांनी आधी फॉरमॅट मारला, मग एसएसडी बदलून दिली, शेवटी "मदरबोर्ड गेलाय" असं सांगितलं. त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येत होते. मी एक्स्पोर्ट चालू करायला लावलं आणि आकडा बघता बघता 100वर गेला. कॅबिनेटची मागची बाजू उघडून बोर्डाच्या पाठीमागून टॉर्च मारला. तीन पिनांचे पांढरे पाय फाकलेले होते आणि त्यांच्या मधोमध काळी दांडी दिसत होती. चौथ्या कोपऱ्यात पाय जुळलेलेच होते. पिन भोकात नुसती उभी होती, अडकलेली नव्हती. कूलर उतरवला तेव्हा तळाची थर्मल पेस्टच, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेपच, सगळं सांगत होती. एका कोपऱ्यात ती दाबून पातळ झालेली, तर समोरच्या कोपऱ्यात जाड, मऊ, जशी लावली होती तशीच. जुनी पेस्ट पुसून, नवी लावून, चारही पिना बसवल्यावर त्याच एक्स्पोर्टला तापमान 80च्या घरात राहिलं. नव्या सामानाची गरजच नव्हती.

माझी पद्धत अशी. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने फिरवली की पिन सुटते, म्हणून बसवण्याआधी सगळ्या पिना उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवून घेतो. मग समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबतो, आधी एक जोडी, नंतर दुसरी. 'टक्' असा आवाज आला तरी त्यावर विश्वास ठेवत नाही. बोर्डाच्या मागून चारही कोपरे डोळ्यांनी पाहतो. शक्य असेल तर बोर्ड कॅबिनेटमध्ये टाकण्याआधीच कूलर बसवतो, कारण आत गेलेल्या बोर्डावर जोर लावला की तो वाकतो आणि मागचं नीट दिसतही नाही.

कूलर ओढून काढणे

एएमडीच्या एएम4 सॉकेटवाल्यांनी हे नीट वाचावं. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की सॉकेटची दांडी बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाखाली असतात आणि निघताना त्या वाकतात. काही तर तुटतातच. एएमडीचा चांगला चालणारा रायझन प्रोसेसर अशा एका हिसक्यात गेलेला पाहिला की जीव हळहळतो. साफसफाईच करायची असते, घाई कसली?

आधी पीसीवर दहा-पंधरा मिनिटं एखादं जड काम चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू किंवा क्लिप सोडवा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा. सैल झाल्याचं हाताला कळतं. मगच उचला. 2022च्या एएम5 सॉकेटमध्ये प्रोसेसर चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे तिथे ही भीती नाही.

पेस्टबद्दल थोडक्यात. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरणं एवढंच आहे, त्यामुळे मटारच्या दाण्याएवढी पुरते. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायचीच, तीच परत दाबायची नाही. नव्या कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हे सांगावं लागतं, कारण ते न काढलेले कूलर अजूनही येतात. टूथपेस्ट लावायची नाही. व्हिडिओत ती चालताना दिसते, कारण तिच्यातलं पाणी अजून वाळलेलं नसतं. आणि ॲल्युमिनियमचा तळ असलेल्या कूलरला पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) लावू नका, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

'सीपीयू फॅन एरर' (प्रोसेसरचा पंखा फिरत नसल्याचा इशारा) आला की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन तो 'इग्नोर' करून टाकणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. पंख्याची वायर भलत्या जागी लागली असेल तर ती काढून सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर लावा. इशारा बंद करून ठेवला आणि उद्या पंखा खरंच थांबला तर कळणार कसं?

कॅबिनेट कोंडून ठेवणे

कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या दाराच्या कप्प्यात कॅबिनेट ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. मागे भिंत, पुढे दार, वरून धुळीसाठी प्लास्टिकचं कव्हर. मागून निघालेली गरम हवा तिथेच फिरून पुढून पुन्हा आत जाते. कितीही भारी कूलर लावा, त्याला गरमच हवा मिळणार. कॅबिनेट बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आतले पंखे पुढून हवा घेणारे आणि मागून-वरून बाहेर टाकणारे हवेत.

दुसरी सवय अकोला-नागपूरकडची. डेझर्ट कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे. खोली गार झाली की प्रोसेसरही थोडा गार राहतो, हे खरं आहे. पण ती ओली हवा समोरून आत शिरली की धूळ ओलसर होऊन हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या कूलरमधल्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये बसते, आणि वाळल्यावर तिचा असा थर होतो की ब्लोअरने उडत नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षारांची पांढरी बुकटीही सापडते. मग हीटसिंक उतरवून ब्रशने एकेक पातं साफ करावं लागतं. डेझर्ट कूलरची हवा खोलीत येऊ द्या, कॅबिनेटच्या तोंडावर नको.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ती भरधाव फिरली की बेअरिंग खराब होतं.

लिक्विड कूलरवाल्यांना, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर गार करणाऱ्यांना, एकच सांगणं: पंप संपूर्ण रचनेत सर्वांत उंच जागी येता कामा नये. हवा वर चढते, पंपात अडकते, मग पंप घरघरतो आणि लवकर मरतो. रेडिएटर (ते पाणी गार करणारी जाळी) कॅबिनेटच्या छताला लावणं सर्वांत बरं.

आणि हिवाळ्यातल्या आकड्याशी मेची तुलना करून घाबरू नका. हवेचा असो की पाण्याचा, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. 25 अंशांच्या खोलीत ताणाखाली 70 दाखवणारा प्रोसेसर 40 अंशांच्या खोलीत 85 दाखवणारच. रायझन 7000मधले काही प्रोसेसर तर ताणाखाली 95पर्यंत जावेत अशाच हिशेबाने बनवले आहेत.

सगळं तपासूनही उन्हाळ्यात आकडा वरच राहत असेल तर पैसे खर्चण्याआधी प्रोसेसरला मिळणारी वीज कमी करून पाहा. आय5-12400 मुळात 65 वॉटचा, पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवून चालताना, 117 वॉटपर्यंत घेतो. बायोसमधली ही वॉटची मर्यादा खाली आणता येते, रायझनमध्ये त्यासाठी इको मोड असतो. जड कामाला वेळ थोडा जास्त लागतो, रोजच्या कामात सहसा फरक जाणवत नाही. तरीही भागलं नाही तर टॉवर कूलर (उभ्या, उंच हीटसिंकचा) जरूर घ्या, पण आधी कॅबिनेटच्या माहितीत किती उंचीचा कूलर मावतो ते पाहा. चांगले टॉवर कूलर 155-160 मिलिमीटर उंच असतात, आणि अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही.