पिकलबॉलचं इनडोअर कोर्ट: पास काढायच्या आधी

आमच्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे पिकलबॉलचं (पॅडल म्हणजे छोट्या फळीने अन् प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळायचा टेनिससारखा खेळ) कोर्ट बघायला दुपारी तीनलाच जा. संध्याकाळी सगळीच कोर्टं गार वाटतात. वर नुसता पत्रा आहे की आतून इन्सुलेशन केलंय? गरम हवा ओढणारे एक्झॉस्ट छताजवळ हवेत. खाली चार कूलर लावून भागत नाही, उलट पावसाळ्यात दमटपणा वाढून फरशी घसरडी होते. बूट घासून बघा, लगेच कळतं. गुळगुळीत टाइल्स असतील तर सरळ घरी या, गुडघे आपलेच आहेत.

कोर्ट ४४ बाय २० फुटांचं, बॅडमिंटनच्या डबल्सएवढं. म्हणून बरेच जण जुन्या हॉलात पट्ट्या चिकटवून मोकळे होतात. मोजायची टेप घेऊन जा, मालकाला राग आला तर येऊ द्या. नेट मध्यभागी ३४ इंच, कडेला ३६. बॅडमिंटनचंच नेट खाली ओढलेलं असेल तर मधे याहून जास्त झोळ दिसेल. बेसलाइनच्या (कोर्टाच्या शेवटच्या रेघेच्या) मागे आठेक फूट मोकळी जागा हवी, नाहीतर पॅडल भिंतीवर आपटतं.

लाइट गेल्यावर जनरेटर आहे का, तेही विचारा. गेलेल्या वेळेचे पैसे कोण देणार, हे आधीच ठरवा.