दुसरा मॉनिटर जोडताना स्क्रिप्टची तयारी

लोकमान्य नगरात घरच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारी, पडद्यावरची बटणं चित्रावरून शोधून स्वतःच क्लिक करणारी पायथनची स्क्रिप्ट इंदूरच्याच विजय नगरमधल्या ऑफिसात दुसरा मॉनिटर जोडला की भलत्याच ठिकाणी क्लिक करू लागते. कोडला हात लावण्याआधी डिस्प्ले सेटिंग उघडा. मुख्य मॉनिटर कोणता आणि दुसरा त्याच्या कोणत्या बाजूला, हे चक्क कागदावर काढून ठेवा. विंडोजमध्ये मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य. त्याच्या डावीकडचा एक्स (आडवं अंतर) आणि वरचा वाय (उभं अंतर) उणे असतो.

मग स्क्रीनशॉट कशाचा घेतला जातोय ते तपासा. पायऑटोगुई (माऊस-कीबोर्ड चालवणारी पायथनची लायब्ररी) विंडोजवर एरवी फक्त मुख्य मॉनिटरच बघते. बटण दुसरीकडे असेल तर ते सापडणारच नाही. पिलो या चित्रांच्या लायब्ररीत पडद्याचं चित्र घेणाऱ्या इमेजग्रॅबला ऑल_स्क्रीन्स सांगितलं की सगळे मॉनिटर एकाच चित्रात येतात, पण खरी मेख पुढेच आहे. चित्राची मोजणी चित्राच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून होते, माऊसची मुख्य मॉनिटरच्या कोपऱ्यापासून. समजा 1920 रुंदीचा मॉनिटर डावीकडे आहे आणि 'सेव्ह' बटण चित्रात एक्स 700 वर सापडलं. माऊससाठी तो एक्स होतो 700 वजा 1920, म्हणजे उणे 1220. हा फरक स्क्रिप्टमध्ये हाताने लिहू नका, विंडोजलाच विचारा: गेटसिस्टिममेट्रिक्स या विंडोजच्या फंक्शनला 76 दिलं की सगळ्या मॉनिटरची मिळून डावी कड कळते, 77 दिलं की वरची.

स्केलिंग (पडद्यावरचं सगळं किती टक्के मोठं दाखवायचं ते) दोन्हीकडे सारखं असेल तर निम्मा त्रास वाचतो. लॅपटॉप 125 टक्क्यांवर असला की स्केलिंगची जाण नसलेल्या प्रोग्रामला 1920 बाय 1080 चा पडदा 1536 बाय 864 दिसतो. म्हणून सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस 2 ही स्केलिंगची जाण देणारी ओळ पायऑटोगुई इम्पोर्ट करण्याआधीच हवी, नंतर टाकून उपयोग नाही. बटणांच्या नमुन्याची चित्रं ज्या मॉनिटरवर शोधायची त्याच मॉनिटरवर, पीएनजीतच कापा. कॉन्फिडन्स (चित्र किती जुळलं तर चालेल ते) वापरायचा तर ओपनसीव्ही ही लायब्ररी लागेल.

पहिल्या फेरीत क्लिक बंद ठेवून नुसता माऊस सापडलेल्या जागी नेऊन बघा. फेलसेफ (माऊस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबवणारी सोय) चालूच राहू द्या. आणि सुरुवातीलाच मॉनिटरची मांडणी कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघणारी तपासणी घाला. जुळलं नाही तर स्क्रिप्टने एकही क्लिक न करता थांबावं, कारण भलत्या जागचा एक क्लिक अर्धवट व्हाउचरही सेव्ह करून टाकतो.